अक्काला आणायची गाडी

आषाढ नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी गोठ्यातल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. आधी उंदरांच्या लेंड्या पडल्या, मग चिमणीनं अर्धवट सोडलेलं घरटं. दार उघडलं आणि वास आला. ओल्या गोणपाटाचा, शिळ्या पेट्रोलचा, तापून तापून तडकलेल्या रेक्झिनचा, आणि सगळ्यांच्या खाली कुठंतरी मेंदीचा. मेंदीचा वास इतके दिवस टिकत नाही हे मलाही कळतं. पण तो आला, आणि ताडपत्री हातात तशीच धरून मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

मागची सीट ही माझी जागा. पुढं आबा आणि आई, मागं मी, आणि येताना माझ्या शेजारी अक्का. आबा म्हणजे माझे वडील. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी. ती लग्न होऊन चारठाण्याला गेली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. आम्ही दोघीच, भाऊ नाही. नागपंचमीला लेकीला सासरहून आणायला जो जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात, आणि तो बहुतेक भाऊच असतो. आमच्या घरी ते काम आबांकडं आलं आणि आबांनी ते असं केलं की गावातले भाऊ लाजावेत.

पण एका वर्षी आबा तापानं आडवे होते. अक्का लेकराला काखेत घेऊन एकटीच एसटीनं निघाली. सणाची गर्दी, गाड्या भरून यायच्या आणि भरून जायच्या. ती सोनपेठच्या तालुक्यातल्या आमच्या गावात पोचली तेव्हा पंचमीची संध्याकाळ झाली होती आणि लिंबाच्या झाडावर चढून पोरं झोक्याचे दोर सोडत होती. अक्कानं लेकरू खाली ठेवलं. तांब्याभर पाणी प्याली आणि मेंदी उरली आहे का, एवढंच विचारलं. मेंदी उरली नव्हती. आबा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "माझी लेक पुन्हा स्टँडवर उभी राहणार न्हाई."

तापातलं बोलणं म्हणून आईनं ते मनावर घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आबा परभणीला बी-बियाणं आणायला म्हणून गेले आणि गाडी घेऊन आले. पांढरी, बुटकी, चार दारांची. कुणा साहेबांची बदली झाली होती आणि त्यांनी ती एका साध्या बैलजोडीच्या मोलात देऊन टाकली होती. डाव्या दाराला पोचा होता, वायपर एकच होता, आणि डिकी बांधायला सुतळी लागायची. आई दारात उभी राहून बघत राहिली. विकलेल्या बैलजोडीचे पैसे गेले आणि दारात हे पत्र्याचं काय उभं केलं, असं तिनं अख्ख्या गल्लीला ऐकवलं. मग आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि बॉनेटला पाच बोटं लावली. आमच्या आईचा राग असाच असतो, तोंडात एक आणि हातात दुसरंच.

आबा गाडी शिकले ती बैल हाकल्यासारखीच. चढ आला की पुढं वाकायचे, उतारावर जिभेनं चक्‌ चक्‌ करायचे. कुठंही पोचलं की आधी गाडीला पाणी, मग स्वतःला चहा. लोक हसायचे, पण ती गाडी कधी तापून बंद पडली नाही हेही तितकंच खरं. हॅंडब्रेक मात्र कायमचा सैल. चाकामागं लावायला आबा डिकीत गावाकडचा एक धोंडा ठेवायचे. चारठाण्यात अक्काचं घर जुन्या देवळांच्या मागच्या आळीत, तिथं दगडांना काय तोटा? पण तिथला कुठलाही तुकडा उचलला तर तो कुणाचा तरी पाय नाहीतर कंबर निघायचा. देवाच्या अंगाचा तुकडा चाकाखाली घालायचा नाही म्हणून आबा आपला धोंडा सव्वाशे किलोमीटर फिरवून आणायचे.

पहिल्याच पोळ्याला त्यांनी एक घोळ घातला. बैल विकून झाले होते, तरी हात स्वस्थ बसेना. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात तसं आबांनी गाडीच्या कोपऱ्यांना हळद-लोणी चोळलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून तिला रीतसर आमंत्रण दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य बॉनेट उघडून इंजिनावर ठेवून आले. तो खायला उंदीर आले, आणि पोळी संपल्यावर त्यांनी वायरी खाल्ल्या. आठवडाभर गाडी हलली नाही. परभणीहून आलेल्या मिस्त्रीभाईंनी बॉनेटखाली डोकं घातलं, पुरणाचा कण बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाले, "आबा, इसको पुरणपोळी नक्को, पेट्रोल खिलाओ." पुढं कितीतरी वर्षं आई आबांना वाढताना हेच वाक्य म्हणायची.

मला मात्र त्या गाडीतल्या आठवतात त्या पंचम्याच. पंचमीच्या आदल्या दिवशी निघायचं, सकाळी. चोक ओढला की ती दोनदा शिंकायची आणि मग लागायची. गंगेच्या पुलावर आबा हळू करायचे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आई काचेतून हात बाहेर काढून नाणं टाकायची आणि ते पाण्यात पडलं की कठड्यावर, यावर परभणीपर्यंत वाद चालायचा. सोनपेठहून चारठाण्याला जायला दुसरा जवळचा रस्ता आहे, पण आबा वाट वाकडी करून परभणीवरूनच जायचे, बांगड्यांसाठी. बाजारात आई बांगड्या दाबून बघायची. अक्काच्या मापाची एक जुनी बांगडी तिनं रुमालात बांधून आणलेली असायची. त्या दुकानात लाखेचा आणि उदबत्तीचा वास, बाहेर ओल्या मातीत चुरगळलेल्या कोथिंबिरीचा. बोरी गेली, जिंतूर गेलं, की पुढं रान हिरवं आणि उंच-सखल व्हायचं. मूग फुलात असायचा. काचा खाली केल्या की सगळं रान गाडीत यायचं आणि आईचे केस माझ्या तोंडावर उडायचे.

अक्का दारातच उभी असायची. पिशवी तयार, लुगड्याची घडी न मोडलेली. तिच्या सासूबाई मुराळ्यासाठी घोंगडी अंथरायच्या. मुराळी घोंगडीवर बसला, गूळपाणी प्याला, की लेक त्याची झाली. परतताना गाडीत बसली की पहिल्या वळणापर्यंत अक्का सून असायची. वळण गेलं की पदर खांद्यावर, पाय सीटवर, आणि तोंड सुरू. कोण काय म्हणालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न मोडलं. जिंतूरच्या पुढं ती मला मांडीवर झोपवायची आणि तिथंच, हलत्या गाडीत, माझ्या हातावर मेंदी काढायची. खड्डा आला की रेघ मनगटावर जायची. माझ्या मेंदीत कायम एक वाट चुकलेली रेघ असायची आणि शाळेत मी ती सगळ्यांना दाखवायचे.

पंचमीच्या दिवशी आमच्याकडं चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. रानात नांगर घालायचा नाही. आबांनी त्यात स्वतःचं एक कलम घातलं होतं, त्या दिवशी गाडीचं चाक फिरवायचं नाही. न जाणो एखादं जनावर चाकाखाली आलं तर, म्हणून. म्हणजे अक्काला आणायचं ते पंचमीच्या आतच. त्या दिवशी गाडी गोठ्यात, आणि आम्ही लिंबाखाली. घरात ज्वारीच्या लाह्या फुटायच्या, उकडलेल्या पुरणाच्या दिंडांची वाफ चुलीवरून दारापर्यंत यायची, वारुळाकडं बायकांची रांग जायची. मग झोका. अक्का उभ्यानं झोका घ्यायची, दोन लेकरांची आई झाली तरी. तिचा परकर फुगायचा आणि आई खालून ओरडायची. रात्र पडली की फेर धरायच्या बायका. त्यांच्या पायांच्या एका तालात जमीन हलायची ती मला अंगणात झोपल्यावर पाठीला कळायची.

तो लिंब आता नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. फेर धरणाऱ्या बऱ्याचजणी गेल्या, ज्या आहेत त्यांचे गुडघे गेले. बांगड्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. गाडी तेवढी राहिली. बाकी सगळं मोलाचं होतं ते गेलं आणि ही स्वस्तातली राहिली, याची मला गंमत वाटते.

मीही राहिले. मी सासरी नांदत नाही, आईवडलांजवळ असते आणि शेती बघते. का, असं विचारणाऱ्याला मी चहा पाजते, कारण सांगत नाही.

आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी गाडीची किल्ली देव्हाऱ्यात ठेवली आणि गाडीवर ताडपत्री टाकली. ती पंचमी दवाखान्यात गेली. पुढची तशीच गेली. अक्काला फोन केला की ती बघू म्हणायची. तिच्या घरच्यांनी तिला अडवलं नव्हतं. बस आहे, जीपा आहेत, तिचा स्वतःचा मुलगा मोटारसायकलवर सोडायला तयार होता. एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आपल्या पायानं आलेल्या लेकीला पाहुणी कोण म्हणतंय, माय?"

यंदा ज्येष्ठात आबा ओट्यावर बसले होते. मी समोरून गेले तर त्यांनी मान तिरकी करून, नजरेच्या उरलेल्या फटीत मला पकडलं. आता त्यांना असंच दिसतं, मधलं थोडं, बाजूचं काहीच नाही. म्हणाले, "अजून जवळचं तोंड दिसायलंय मला. पुढच्या सालाचं काय सांगता येत न्हाई. औंदा अक्काला आण."

मी हो म्हणाले. त्याच दिवशी ठरवलं की आणीन तर याच गाडीतून आणीन. चुलतभाऊ म्हणाला, भाड्यानं मोठी गाडी करू, एसीची. मी म्हणाले, भाड्याच्या गाडीचा मुराळी पण भाड्याचाच असतो. भंगारवाला दर महिन्याला यायचा तसा त्याही महिन्यात आला आणि ताडपत्रीला हात लावून भाव सांगू लागला. त्याला मी सांगितलं, पुन्हा या दारात आलास तर तुझा गाडा ठेवून घेईन. तो आला नाही.

मग मी कामाला लागले. मिस्त्रीभाई थकलेत, दुकान त्यांचा मुलगा बघतो. त्याला गाठलं. तो म्हणाला, "दीदी, छोड दो, इसमें क्या रखा है?" मी म्हणाले, काय ठेवलंय ते मला माहीत आहे, तू फक्त चालू कर. टाकी रिकामी करून धुतली, कार्बोरेटर उघडला, बॅटरी नवी टाकली, टायर बदलले. ब्रेक जाम झाले होते ते सोडवायला एक अख्खा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी चोक ओढला, तर काही नाही. पुन्हा ओढला. मग ती शिंकली. ओट्यावरून आबांचा आवाज आला, "दम दे, दम दे, लगेच सोडू नको." त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू स्वच्छ येत होतं. पुढचे कितीतरी दिवस मी कागदांसाठी परभणीच्या चकरा मारल्या, रांगेत उभी राहिले, गाडी तपासून घेतली, नोंदणीची मुदत पाच वर्षांनी वाढवून आणली. ट्रॅक्टर मी आधीपासून चालवते. ट्रॅक्टरच्या मानानं ही गाडी म्हणजे घरात वागायला नाजूक सून. पहिले चार दिवस मी क्लच इतका जोरात दाबायचे की आई म्हणाली, अगं तिचा पाय मोडशील.

चतुर्थीला सकाळी निघाले, एकटीच. आई दिंडांच्या तयारीला राहिली. पुलावर हळू केलं आणि नाणं टाकलं. कुठं पडलं ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं. परभणीवरूनच गेले. बांगड्यांसाठी दुसरं दुकान शोधलं. बोरीच्या पुढं ट्रकवाले हॉर्न देऊन पुढं जात होते, मी साठाच्या वर काटा नेला नाही. जिंतूरच्या पुढच्या चढावर गाडी गुरगुरली आणि मी आपोआप पुढं वाकले. वाकल्यावर हसू आलं.

चारठाण्यात गाडी आळीत शिरली तशी दोन-तीन दारं उघडली. अक्काच्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, आता पार वाकलेल्या. त्यांनी गाडी ओळखली, पण गाडीतून मी एकटी उतरले तशी त्यांची नजर माझ्या मागं गेली. मुराळी कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मीच हाय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आत अक्का भिंतीला टेकून उभी होती, हातात पिशवी नव्हती. आता ही म्हातारी काय म्हणते त्यावर सगळं होतं. इतके दिवस गाडीची काळजी केली, पण माझी स्वतःची काळजी मला त्या ओसरीवर पहिल्यांदा वाटली.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. आत गेल्या, आणि घोंगडी घेऊन आल्या. स्वतः अंथरली, हातानं सुरकुत्या काढल्या आणि मला म्हणाल्या, "बस. पाणी पे. पर सांजच्या आत घरी पोचा, ढग लय भरून यायलेत." अक्का आत पळाली. पिशवी भरलेलीच होती, दाराआड ठेवलेली.

सासूबाईंनी आम्हा दोघींसाठी भाकरी बांधून दिली. जिंतूरच्या अलीकडं एका बाभळीखाली गाडी थांबवली, तिला पाणी दाखवलं, आणि आम्ही फडकं सोडलं. अक्कानं सगळी भाकरी माझ्याकडं सरकवली. आज चतुर्थी, भावाचा उपास, ती म्हणाली. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपाशी राहतात, त्यात नवल काही नाही. पण आम्हाला भाऊ कुठला? लहानपणी आई मलाही धरायला लावायची, तर मी म्हणायचे, नसलेल्या भावासाठी मी का उपाशी मरू, आणि गुळाचा खडा तोंडात टाकून पळायचे. मी अक्काला विचारलं, इतकी वर्षं कोणाचा धरतेस? ती लाजली. म्हणाली, "या गाडीचा. हीच येयची की मला आणायला." मग तिनं फडक्याची गाठ पुन्हा बांधली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "औंदा तुझा धरलाय."

गाडी सुरू करून मी उगाच आरसा नीट करत बसले. पुढच्या वळणालाच तिनं पदर खांद्यावर घेतला, पाय वर घेतले आणि बोलायला लागली, आणि पुलापर्यंत थांबली नाही.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. गाडीचा आवाज ऐकून आबा ओट्यावरून खाली उतरले होते, भिंत सोडून, काठी न घेता, अंगणाच्या मधोमध उभे. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं आम्हा दोघींवरून ओवाळून टाकला. अक्का डोक्यावर पदर घेऊन आबांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड वर केलं. मान तिरकी करून, उरलेल्या नजरेत तिला बसवत ते बघत राहिले.

"अक्का," आबा म्हणाले, "केस पांढरे झाले की गं तुझे."

अक्कानं डोक्यावरचा पदर मागं सारला, सगळे केस दिसावेत म्हणून.

"दिसले न्हवं तुमाला?" ती म्हणाली. "मग झालं."